भूत यायच्या आधीचं चालणं

आईने शेवटी कबूल केलं. भर दुपारी, पॅसेजमध्ये, कुणी सक्ती केलेली नसताना. मी होतो, ताई होती आणि ताईची मुलगी होती, जिला आम्ही सगळे ढोलकी म्हणतो. एवढ्या साक्षीदारांसमोर घडलेली गोष्ट आहे, आता असं काही झालेलंच नाही असं धरून पुढे जाऊ. यात कुणाची फसवणूक नाही. आमच्या घराची ही जुनी पद्धत आहे. संध्याकाळी जे व्हायचं ते सकाळपर्यंत झालेलं नसायचं, आणि सगळेजण आपापले दात घासायला लागायचे.

तर काहीही झालेलं नाही. मी स्टुडिओत आहे आणि एका बाहुल्याचा डावा पाय चिमटीत धरून केसभर पुढे सरकवतोय. सरकवायचा, मागे व्हायचं, फोटो काढायचा, परत सरकवायचा. असे ढीगभर फोटो भराभर दाखवले की बाहुला चालायला लागतो. लोकांना यात जादू वाटते, माझ्या पाठीला वाटत नाही. दिवसभर राबून जेवढं हाती लागतं, तेवढ्यात प्रेक्षकाची एक जांभईसुद्धा पुरी होत नाही. आमचा सिनेमा भयपट आहे, मोठ्यांसाठी. बाहुल्या बघून लोक मुलांना घेऊन येतील आणि आपल्याला मार बसेल, ही काळजी सगळ्यांना आहे. एक मुलगा, त्याचं घर, आणि बंद दारामागे राहणारं, आवाज खाऊन जगणारं एक भूत. ते आधी घड्याळाची टिकटिक खातं, मग नळाचं ठिबकणं, मग शेवटी आईचा गळा. भूत आमच्या दिग्दर्शिकेच्या फाटक्या स्वेटरचं आहे, केस पोछ्याचे, डोळे कोटाच्या बटणांचे. दुपारी आम्ही जेवायला जातो तेव्हा धूळ बसू नये म्हणून त्याच्या डोक्यावर प्लास्टिकची पिशवी घालून ठेवतो. पहिल्यांदा बघणारा माणूस हमखास हसतो. मग दिवे मंद केले की ते हसू त्याच्या तोंडावर तसंच राहतं, हसणारा मात्र त्याच्यामागून निघून गेलेला असतो. "सिनेमा बालपणीच्या जखमेवर आहे," असं दिग्दर्शिका येणाऱ्या प्रत्येकाला सांगायची. लिफ्ट बंद आहे, जिन्याने या, असं सांगावं तशा आवाजात. मला हे काम फार आवडत होतं. नोकरीच्या मुलाखतीत तिने विचारलं होतं, "भीती वगैरे वाटत नाही ना?" मी म्हणालो, कुत्र्याची वाटते आणि फोन वाजला की वाटते, एरवी नाही. ती हसली, मला नोकरी मिळाली. मला जखम नव्हती. जखमवाल्यांच्या घोळक्यात एक तरी माणूस धडधाकट असावा म्हणून मला घेतलं असेल, असा माझा आपला समज.

माझ्या वाट्याला भूत यायच्या आधीचं दृश्य आलं होतं. मुलगा शाळेतून येतो, दप्तर ठेवतो, पॅसेजमधून चालत स्वयंपाकघरात जातो आणि पाणी पितो. बस्स. "साधा मुलगा, साधी दुपार," दिग्दर्शिका म्हणाली होती. "बघणाऱ्याला वाटलं पाहिजे, किती छान घर आहे." आता आमच्याकडे एक रीत अशी की, बाहुल्याला हात लावायच्या आधी ती हालचाल आपण स्वतः कॅमेऱ्यासमोर करून बघायची. त्याला रेफरन्स म्हणतात. त्यामुळे आमच्या स्टुडिओत कधीही या, कुणीतरी घोडवयाचा माणूस टेबलाखाली रांगत असतो, कुणीतरी हुंदके देऊन रडत असतं आणि मध्येच थांबून "आलं का नीट?" विचारत असतं. बाहुल्यांचे तारेचे सांगाडे बनवणारे काका आहेत, केस सगळे पांढरे; त्यांनी एकदा झोपलेल्या बाळाचा रेफरन्स दिला आणि खरंच झोपले. त्यांना उठवायचं कोण यावरून वाद झाला. पण मी या दृश्याचा रेफरन्स काढलाच नाही. पोरगं पॅसेजमधून चालतं, त्यात काय काढायचं? मी लहान होतो. पॅसेज होता. चाललेलो आहे. मनानेच करून टाकलं, आणि चांगलं झालं असं वाटून त्या दिवशी घरी जाताना शिट्टी वाजवली. म्हणजे, ओठ शिट्टीचे केले. मला आवाज काढता येत नाही.

दृश्य पडद्यावर लावलं तेव्हा दिग्दर्शिकेने ते एकदा बघितलं. परत लावायला सांगितलं. मग परत. काका बाहुल्याच्या घोट्याचे स्क्रू बघायला आले होते, तेही मागे उभे राहिले.

"भूत कुठेय?" ती म्हणाली.

"अजून यायचंय. पुढच्या दृश्यात."

"मग हा कुणाला घाबरलाय?"

"घाबरलेला नाही. पाणी प्यायला चाललाय."

"अरे, भिंतीला चिकटून चाललाय! टाच टेकत नाहीये कुठे. पावलाच्या कडेवर चालतोय पोरगा. आणि हे बघ, दारासमोर आला की ही ढांग. मध्ये काय खड्डा आहे? श्वाससुद्धा घेत नाहीये. कुणी सांगितलं तुला हे करायला?"

"कुणी नाही," मी म्हणालो. "मुलं अशीच चालतात घरात."

मग काका म्हणाले, "कुठल्या घरात रे?"

त्यांनी ते अगदी सहज विचारलं, कुठल्या बसने आलास असं विचारावं तसं. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. माझ्याकडे अशा वेळी एक विनोद असतोच, रुमालासारखा, वरच्या खिशात. हात घातला आणि खिसा रिकामा. पडद्यावर बाहुला ढांग टाकायच्या बेतात एक पाय वर धरून थांबला होता, आणि मला एवढंच वाटत होतं की त्याला कुणीतरी पुढे जाऊ द्या, नाहीतर वाजेल.

आमच्या घरी पॅसेजमध्ये एका दारासमोरची फरशी सुटलेली होती. पाय पडला की टक व्हायचं. दार बाबांच्या खोलीचं. "आज ह्यांचं डोकं आहे," असं आई सकाळीच सांगायची, जणू एरवी ते डोक्याशिवाय वावरत. बाबा वाईट नव्हते. त्यांनी आमच्यावर कधी हात उचलला नाही, हे वाक्य आईने इतक्यांदा ऐकवलं होतं की बाबांचा हात फार जड असणार आणि त्यांना तो उचलवत नसणार, अशी मला लहानपणी खात्री होती. ते ओरडायचेही नाहीत. घरात काही वाजलं की दार उघडायचं, ते बाहेर यायचे, जे वाजलं ते हातात घ्यायचे, जमिनीवर ठेवायचे आणि त्याच्यावर पाय द्यायचे. सावकाश. रागावलेला माणूस असा पाय देत नाही; वजनकाट्यावर उभं राहताना देतात तसा. माझा पत्र्याचा एक बेडूक होता, चावी दिली की किर्र करत उड्या मारायचा. त्याच्यावर पाय देऊन झाल्यावर बाबा वाकले आणि बेडकाला म्हणाले, "संपलं?" बेडूक काही बोलला नाही. ते आत गेले. मग आई केरसुणी घेऊन आली आणि गोळा करता करता म्हणाली, "पडला वाटतं हातातून." आमच्या घरात सगळं पडायचं. रेडिओ पडला. ताईचा माउथ ऑर्गन पडला, तो तर बंद ड्रॉवरमधून. एकदा दाराची काच पडली, खालून वर. शाळेत गुरुत्वाकर्षण शिकवलं तेव्हा अख्ख्या वर्गात मला एकट्यालाच त्यात नवल वाटलं नाही. आमच्याकडे ते जरा जास्तच होतं. खोकला आला तर तो धरून ठेवायचा, संडासात जायचं, साखळी ओढायची आणि त्या पाण्याच्या आवाजात खोकून घ्यायचं. साखळीची सोय त्यासाठीच केलेली असते असं मी बरीच वर्षं समजत होतो. यातलं काही मी विसरलो नव्हतो बरं का. विचारलं असतं तर सगळं सांगितलं असतं, हसवत हसवत सांगितलं असतं. फक्त ते इतरांकडे नसतं, एवढीच बातमी मला उशिरा पोचली.

"वाया नको जायला," दिग्दर्शिका म्हणाली. "चाल भारीच आहे. भूत आल्यानंतर वापरू. इथे मात्र नवीन कर. साधा मुलगा." तिने शाबासकी दिली होती, मी ती घेतली. मग कॅमेरा लावला आणि साधा मुलगा होऊन चाललो, पुष्कळ वेळा. काकांनी ते बघितलं आणि म्हणाले, "बँकेवर दरोडा घालायला चाललायस असं वाटतंय. पण आनंदाने."

मग मी ताईला फोन केला. ती माझ्याहून मोठी. माउथ ऑर्गन पडल्यानंतर तिने दुसरं कुठलंच वाद्य मागितलं नाही.

"ताई, लहानपणी आपण घरात कसे चालायचो गं?"

"पायांनी."

"तसं नाही. नीट सांग ना."

"मी कामात आहे."

तिच्या मागे काहीतरी पीं पीं पीं करत एका कानातून दुसऱ्या कानात गेलं.

"हे काय वाजतंय?"

"ढोलकीचे बूट."

नुकतं चालायला लागलेल्या पोरांच्या पायात असतात ते शिट्टीचे बूट. ढोलकी तर शाळेत जाते, आता तिचे दात पडायला लागलेत. "अजून?" मी विचारलं. "तिच्या मापाचे मिळत नाहीत," ताई म्हणाली. "जुन्यांतली शिट्टी काढून मोठ्यांत बसवून घेते. एक म्हातारा देतो करून." का, असं मी विचारलं. फोनमध्ये पीं पीं दोनदा येऊन गेलं.

"वाजू दे," ती म्हणाली.

तेवढ्यात भाऊजींनी फोन ओढून घेतला असावा. "अरे, तुझी बहीण घरात हॉर्न पाळते!" ते म्हणाले. "मी कामावर जातो ना, ते झोपायला जातो." मागे ताई हसली. ते हसू आम्हा दोघांनाही आहे, नीट सुरू होतं आणि आवाज फुटायच्या आत संपतं.

ताईला आणि ढोलकीला घेऊन आईकडे जायचं असं मी ठरवलं. सांगायला कारण होतं: आईचा पॅसेज लांब आहे, उजेड चांगला, साध्या मुलाचा रेफरन्स तिथे मिळेल. बाबांना जाऊन दोन पावसाळे झाले होते, त्यांचा पलंगसुद्धा आईने कुणाला देऊन टाकला होता, म्हणजे आवाजाचाही प्रश्न नव्हता. न सांगितलेलं कारण असं की मला आईला विचारायचं होतं. शिक्षा कुणाला करायची नव्हती, शिक्षा करण्याजोगा माणूस उरलाच नव्हता. तिने एकदा "हो" म्हणावं, एवढंच. हो, झालं होतं. कारण ती जर "नाही" म्हणाली, तर मग दिग्दर्शिकेचं बरोबर होतं: घर छान होतं, दुपार साधी होती, आणि त्यात भूत मीच आणून ठेवलं होतं.

"वाळलायस," आई दार उघडून म्हणाली. "बाहुल्या खेळून कुणाचं पोट भरतं का?"

"भूतसुद्धा असतं आई आमच्यात."

"बस हो तिकडे, भूत म्हणे."

ताई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसली होती, लहानपणीच्या जागेवर; तिथून बाबांच्या खोलीचं दार दिसायचं. चहा झाला. मी कपाचा कान धरून ठेवला, बशीवर टेकवला नाही, आणि टेकवत नाहीये हे माझ्या लक्षात आलं.

"आई, माझा बेडूक आठवतो का गं?"

"कुठला बेडूक?"

"पत्र्याचा. चावीचा."

"तो होय. पडला होता तुझ्या हातातून."

"बाबांनी पाय दिला होता त्याच्यावर."

"खाली पडलेल्या वस्तूवर पाय पडतो माणसाचा. पॅसेजमध्ये खेळायची तरी काय गरज होती?"

"आणि माझा माउथ ऑर्गन?" ताई चहात बघत म्हणाली.

"तोही पडला."

"ड्रॉवरमधून?"

"राहिला असेल ड्रॉवर उघडा. तुझी सवयच होती ती. आता काय त्याचं? गेलेल्या माणसाला नावं ठेवू नयेत. त्यांनी तुमच्यावर कधी हात उचलला नाही."

"हात नाही उचलला," ताई म्हणाली. "पाय ठेवला."

आईने आमच्या हातांतले कप काढून घेतले. माझा अजून अर्धा होता. "तुमचे ते सिनेमे बघून डोकी फिरलीत तुमची," ती म्हणाली. "असं काही झालं नव्हतं." आणि दुधाचं पातेलं घेऊन ओट्याकडे वळली. झालं. एवढंच होतं ते. मी इतके दिवस मनात ज्या प्रश्नाला घाबरत होतो तो विचारून झाला होता, उत्तर मिळालं होतं, आणि घरात कुठेही काहीही पडलं नव्हतं. काम तरी उरकावं म्हणून मी पॅसेजच्या टोकाला स्टुलावर मोबाईल उभा केला.

"मामा, ॲक्शन म्हण ना," ढोलकी दुसऱ्या टोकावरून म्हणाली.

"ॲक्शन."

ती निघाली. पॅसेजच्या मधोमध. टाच आधी आपटून, मग पाऊल, हात कुठेही, मान छताकडे, पीं, पीं, पीं. मध्येच एका भिंतीकडे कलली आणि तिला कोपर मारून दुसरीकडे गेली. भिंत तिच्या लेखी आपटायची वस्तू होती. मी बघत राहिलो. पायाच्या रोजच्या कामात इतकी उधळपट्टी असते हे मला माहीत नव्हतं. आपण आयुष्यभर दिवा मालवून बसावं आणि शेजारी दिवसाढवळ्या झुंबर लावून ठेवावं, तसं काहीतरी. ती बाबांच्या दारापर्यंत पोचणार, एवढ्यात स्वयंपाकघरातून आवाज आला, "अगं हळू! हळू! बूट काढ आधी ते!" आणि आई बाहेर आली.

आई भिंतीकडेने आली. पावलाच्या कडेवर, टाच न टेकवता, तळवा भिंतीपासून केसभर दूर धरून, लागलं तर पकडता यावी पण हात घासू नये. दारासमोर आली तेव्हा बोलता बोलता, खाली न बघता, तिने ढांग टाकली. मी ही चाल पडद्यावर बघितली होती. चिमटीत धरून, केसाकेसाने, माझ्या हातांनी केली होती. ती माझी आहे असं मी समजत होतो. फार तर आमची, बाबांनी आमच्यात घातलेली. ती हिची होती. हिने आधी चालून दाखवली होती, बदकीण पुढे आणि पिल्लं मागे, आणखी काही पडू नये म्हणून. आणि आता आत कुणीही नव्हतं. दोन पावसाळे ती या रिकाम्या घरात एकटी, पाणी प्यायला उठली की अशीच जात होती, अशीच येत होती.

ढोलकी थांबली. मग पोरं करतात तसा आवाज बारीक करून म्हणाली, "आजी, कोण झोपलंय?"

आई वाकली होती, बोटं बुटाच्या पट्ट्यावर. "अं?"

"आत. कोण झोपलंय?"

आईने दाराकडे बघितलं. ताई उंबऱ्यावरून उठून उभी राहिली होती. आई सरळ झाली. तिचं तोंड उघडलं, आणि मला वाटलं आता ती म्हणणार, पडलंय, काहीतरी पडलंय.

"कोणी नाही," ती म्हणाली.

मग तिने स्वतःच्या पायांकडे बघितलं, दुसऱ्या कुणाची तरी मुलं आपल्या घरात शिरली आहेत अशा नजरेने. आणि फरशीवर पाय दिला.

टक.

पावलांवर माझं पोट चालतं. चुकून पडलेलं पाऊल मला कळतं: आधी तोल जातो, मग पाय धावतो, हात वर येतात. हे तसं नव्हतं. तिने डावा पाय भिंतीकडून उचलला, मध्ये आणला, टाच आधी टेकवली, मग सगळं वजन दिलं. सावकाश. बेडकावर दिलं होतं तेवढंच सावकाश. आणि मग ती तशीच उभी राहिली, आणि आम्ही सगळे दाराकडे बघत राहिलो. ताई. मी. ढोलकीसुद्धा, आम्ही बघतोय म्हणून. कुणी आलं नाही. बराच वेळ कुणी आलं नाही.

"पुन्हा!" ढोलकी म्हणाली.

"दूध उतू जाईल," आई म्हणाली आणि आत गेली. भिंतीकडेनेच गेली. मी मागोमाग जाऊन बघितलं. पातेलं ओट्यावर होतं, गॅस तिने अजून पेटवलाच नव्हता.

कबुली देऊन झाली होती, आणि घराच्या जुन्या पद्धतीप्रमाणे ती झालेलीच नव्हती. निघताना आईने दारात ढोलकीचा गाल ओढला आणि ताईला रागावल्यासारखं म्हणाली, "बूट लागायला लागलेत पोरीला. मोठे घे. आणि ती शिट्टी नीट बसवून घे, एका पायाची दबकी वाजते."

मी दृश्य नवीन केलं. बाहुला आता पॅसेजच्या मधोमध पाय आपटत जातो, भिंतीला कोपर मारतो, गटागटा पाणी पितो. काकांना त्याच्या घोट्याचे स्क्रू सारखे आवळावे लागले. दिग्दर्शिका खूश झाली. "किती छान घर आहे," ती म्हणाली. जुनी चाल तिने भूत आल्यानंतर लावली आहे. लोकांना वाटेल ती भुतामुळे आली. मोबाईलमधलं ढोलकीचं चालणं मी आई बाहेर यायच्या आधीपर्यंतच कापून स्टुडिओत दिलं होतं. उरलेलं माझ्याकडे आहे, मी ते अजून लावलेलं नाही, पण पुसलेलंही नाही. सिनेमाच्या सुरुवातीला पाटी येते की यातली पात्रं आणि प्रसंग काल्पनिक आहेत. ती पाटी पाणी प्यायच्या त्या एका दृश्यापुरती अगदी खरी आहे. बाकीच्यासाठी मी एक अर्ज लिहून ठेवलाय.

तरी संबंधित खात्यास नम्र विनंती की, वर नमूद केलेल्या पॅसेजमधील दोन मुले व त्यांची आई यांना, मागील तारखेपासून अंमल धरून, एका दुपारपुरती, बुटांसह, मधोमध चालण्याची परवानगी देण्यात यावी. मुलांची व आईची वये त्या वेळची धरावीत. सुटलेली फरशी आहे त्या स्थितीत राहू द्यावी, दुरुस्त करू नये. आवाज झाल्यास आणि दार उघडल्यास पुढे उभे राहण्याची संपूर्ण जबाबदारी अर्जदाराची राहील, तो आता उंचीने पुरेसा आहे. पत्र्याचा बेडूक परत मिळाल्यास उपकार होतील; परंतु तशी सक्ती नाही.